उष्णता पंप : घरगुती शीतन

एका ठिकाणची उष्णता काढून घेऊन ती अधिक तापमानाच्या ठिकाणी सोडणारे यंत्र म्हणजे उष्णता पंप. उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडे वाहते. तिला उलट न्यायचे तर ऊर्जा खर्चावी लागते व ती विजेतून मिळते. घरोघरीचा एसी हा एकाच दिशेने चालणारा उष्णता पंपच असून, प्रवाह उलटवणारी झडप जोडल्यास तेच यंत्र हिवाळ्यात खोली उबदार करते.

यंत्रातील प्रशीतक, म्हणजे अत्यल्प तापमानाला उकळणारा पदार्थ, ज्याला कारागीर नुसते ‘गॅस’ म्हणतात, खोलीतील नळ्यांच्या जाळीत कमी दाबाखाली उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून शोषतो. ही वाफ कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेल्याने तिचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही चढते, म्हणून बाहेरच्या जाळीत ती आपली उष्णता टाकून द्रवरूप होते आणि अरुंद वाटेतून दाब उतरताच गार होऊन पुन्हा आत येते.

बालाघाटच्या रांगेत मांजरसुंब्याजवळ, मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या कपिलधार येथे धबधब्याच्या तुषारांनी जो गारवा येतो, तोही बाष्पीभवनाचाच. मात्र तेथे झालेली वाफ हवेत निघून जाते, तर प्रशीतक बंद नळीत फिरत राहतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर धबधब्याच्या रीतीने चालतो : एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेते. कोरड्या वैशाखात तो उत्तम काम देतो व वीजही कमी खातो. पण त्याला रोज पाणी लागते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बीड जिल्ह्यातील गावांत ही उणीव लहान नव्हे. हवा दमट झाली की त्याचा गारवाही ओसरतो. उष्णता पंपाला पाणी लागत नाही. उलट दमट हवेतील बाष्प त्याच्या थंड जाळीवर साचून नळीवाटे ठिबकते.

साधारणपणे १ युनिट विजेवर ३ युनिटांच्या आसपास उष्णता बाहेर जाते. परंतु बाहेर ४० अंशांपुढे पारा चढला की हे प्रमाण घटते, कारण आतबाहेरच्या तापमानातील अंतर वाढते. याच कारणाने १ जानेवारी २०२० पासून भारतात तारांकित एसीचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. जाड भिंतींच्या जुन्या माळवदाच्या घरात ऊन सावकाश शिरते, तर पत्र्याखालच्या खोलीत ते लगेच उतरते. म्हणून पत्र्याच्या घरात मोठा एसी बसवण्याआधी पत्र्यावर पांढरा लेप देणे व बाहेरचे यंत्र मोकळ्या सावलीत लावणे अधिक किफायतशीर ठरते.