मिसेस गॅस्केल : घर आणि लेखणी

एकोणिसाव्या शतकांतील ज्या इंग्रज कादंबरीकर्त्या स्त्रियांचे ग्रंथ आजहि आवडीनें वाचले जातात, त्यांच्या चरित्रांकडे पाहिलें असतां एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. जेन ऑस्टिन आजन्म अविवाहित राहिली. एमिली व ॲन ब्रॉंटे या दोघी बहिणी अविवाहितच वारल्या; त्यांची वडील बहीण शार्लट हिला विवाहानंतर पुरतें एक वर्षहि आयुष्य लाभलें नाहीं. जॉर्ज एलियट या नांवानें लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्सला स्वतःचें मूल नव्हतें. या मालिकेंत एलिझाबेथ गॅस्केल यांचें नांव मात्र निराळें उठून दिसतें. त्यांनीं चार मुली वाढविल्या, पोटचीं दोन मुलें गमावलीं, धर्मोपदेशक पतीच्या संसाराचा भार वाहिला. आणि हें सर्व करीत असतांना सहा कादंबऱ्या, एक सुप्रसिद्ध चरित्र व पुष्कळशा कथा लिहिल्या. वाचकवर्ग त्यांना दीर्घकाळ ‘मिसेस गॅस्केल’ याच नांवानें ओळखीत आला आहे. गृहिणीपण त्यांच्या ग्रंथकार म्हणून असलेल्या नांवालाच जणूं चिकटलेलें होतें.

या दोन आयुष्यांचा मेळ त्यांनीं कसा घातला, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. ‘मोठ्या कौशल्यानें घातला’ असें त्याचें ठराविक उत्तर देण्यांत येतें. परंतु त्यांचीं पत्रें वाचलीं म्हणजे हें उत्तर अपुरें वाटूं लागतें. मेळ पुरतेपणीं बसला आहे असें त्यांना स्वतःला कधींच वाटलें नाहीं. तथापि दोहोंपैकीं एकहि कर्तव्य खालीं ठेवण्यास त्या तयार झाल्या नाहींत. त्यांच्या जीवनाचें खरें स्वारस्य या ओढाताणींतच आहे.

एलिझाबेथ स्टीव्हन्सन यांचा जन्म २९ सप्टेंबर १८१० रोजीं लंडनच्या चेल्सी भागांत झाला. त्या अवघ्या तेरा महिन्यांच्या असतां आई वारली व मावशीनें त्यांना चेशायरमधील नट्सफर्ड या लहानशा गांवीं नेऊन वाढविलें. त्यांचा भाऊ जॉन दर्यावर्दी झाला होता. हिंदुस्थानच्या सफरीवर निघालेला हा तरुण १८२८ च्या सुमारास नाहींसा झाला, तो पुन्हां परतलाच नाहीं. पुढें ‘क्रॅनफर्ड’ या कादंबरींत मिस मॅटीचा फार वर्षांपूर्वीं घर सोडून गेलेला भाऊ पीटर हिंदुस्थानांतून परत येतो, हा प्रसंग वाचतांना या हरवलेल्या भावाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

१८३२ सालीं त्यांचा विवाह मँचेस्टर येथील क्रॉस स्ट्रीट चॅपेलचे युनिटेरियन धर्मोपदेशक विल्यम गॅस्केल यांच्याशीं झाला. मँचेस्टर म्हणजे त्या काळची कापसाच्या गिरण्यांची राजधानी. एकीकडे गिरणीमालकांचीं टोलेजंग घरें आणि दुसरीकडे ओलसर तळघरांत राहणारीं मजुरांचीं कुटुंबें, असें तें शहर होतें. विवाहानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८३३ मध्यें, त्यांना झालेली मुलगी मृतच जन्मली. सप्टेंबर १८३४ मध्यें मेरिॲन जन्मली, आणि ती सहा महिन्यांची असतां, १० मार्च १८३५ रोजीं, आईनें एक रोजनिशी लिहावयास घेतली. ती मेरिॲनसाठींच होती. आपण अकालीं वारलों तर आईचें मन मुलीला या पानांतून कळावें, हा तिचा हेतु होता. कारण स्वतःच्या आईची कांहींच आठवण नसणें म्हणजे काय, हें लिहिणारीला पुरतें ठाऊक होतें. मुलीचें रडणें, तिचा हट्ट, तिचे आजार आणि आपल्या वागण्याविषयींच्या आईच्या शंका यांनीं ती रोजनिशी भरली आहे. छापण्याचा विचार तींत मुळींच नव्हता. परंतु एका जीवाचें इतकें बारकाईनें निरीक्षण करण्याची जी संवय त्यांना या काळांत लागली, तीच पुढें कादंबरीकर्त्रीच्या उपयोगीं पडली.

१८३७ मध्यें मीटा, १८४२ मध्यें फ्लॉरेन्स व १८४४ मध्यें विल्यम हा मुलगा, असा संसार वाढत गेला. १८४५ च्या ऑगस्टमध्यें हें कुटुंब वेल्समध्यें गेलें असतां तेथें लोहितज्वरानें हा मुलगा दगावला. त्याला वर्षहि पुरें झालें नव्हतें. या दुःखांत पत्नीचें मन खचत चाललेलें पाहून, एखाद्या मोठ्या लेखनांत त्यानें गुंतावें, अशी सूचना पतीनें केली. ‘मेरी बार्टन’ या कादंबरीचा उगम असा आहे. ती लिहिली जात असतांनाच, १८४६ मध्यें, ज्यूलिया ही धाकटी मुलगी जन्मली. म्हणजे या कादंबरीचा पुष्कळ भाग घरांत पाळणा हालत असतांनाच लिहिला गेला.

शोक विसरण्यासाठीं घेतलेल्या या लेखनांत शोकालाच वाचा फुटली. जॉन बार्टन हा गिरणी-कामगार मालकवर्गाचा इतका वैरी कां बनला, हें सांगतांना लेखिकेनें त्याच्या मुलाचें मरण वर्णिलें आहे. मुलाला लोहितज्वर झाला आहे. पौष्टिक अन्न मिळालें तरच तो वांचेल, असें वैद्य सांगतो. बापाची नोकरी गेलेली आहे. उंची खाद्यपदार्थांनीं भरलेल्या दुकानासमोर तो उभा असतांना त्याच्या जुन्या मालकाची बायको खरेदी करून बाहेर पडते व गाडींत बसून निघून जाते. बाप घरीं येतो, तों मुलगा गेलेला असतो. आपल्या मुलाला ज्या आजारानें नेलें तोच आजार या आईनें मजुराच्या घरीं नेऊन ठेवला, आणि दोन मरणांतील भेदहि दाखविला : तिचें मूल उपाशी नव्हतें. १८४८ च्या ऑक्टोबरमध्यें हें पुस्तक लेखिकेच्या नांवावांचून प्रसिद्ध झालें. शंभर पौंडांस त्याचे हक्क विकले गेले होते. मँचेस्टरचे कित्येक गिरणीमालक रागावले. डिकन्ससारखे साहित्यिक मात्र लेखिकेची चौकशी करूं लागले.

१८५० मध्यें हें कुटुंब प्लिमथ ग्रोव्ह या रस्त्यावरील मोठ्या घरांत राहावयास गेलें. तेथें विल्यम गॅस्केल यांना स्वतंत्र अभ्यासिका होती, बाईंना नव्हती. त्या भोजनगृहांतील टेबलावर लिहीत. मुलींचे प्रश्न, नोकरांचीं विचारणी, चॅपेलमधील गरिबांचीं गाऱ्हाणीं, बागेंतील भाजी, गोठ्यांतील गाय, या सर्वांचा मार्ग त्या टेबलावरूनच जात असे. त्यांच्या मदतीला हर्न ही विश्वासू बाई व आणखी नोकरमाणसें होतीं, हेंहि विसरतां येत नाहीं. एका स्त्रीला लेखणी धरण्यास जो वेळ मिळाला, तो दुसऱ्या स्त्रियांच्या हातांनीं उचललेल्या कामांतून मिळाला होता. तरीहि तो तुकड्यातुकड्यांनींच मिळे. त्याच वर्षीं एलिझा फॉक्स या चित्रकार मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या प्रश्नाचा उघड ऊहापोह केला आहे. आपल्यांत एक धर्मनिष्ठ स्त्री आहे, एक पत्नी व माता आहे, आणि सौंदर्याची भोक्ती अशी तिसरीहि आहे. या सगळ्यांचें आपसांतलें भांडण मिटवावें कसें, असें त्या विचारतात. कलेचें जग हें रोजच्या बारीकसारीक चिंतांनीं जर्जर झालेल्या मनाला आश्रय देतें, असेंहि त्या सांगतात. परंतु केवळ स्वतःसाठीं जगणें त्यांना मान्य नाहीं.

वेळेइतकाच पैशाचाहि प्रश्न होता. डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या नव्या साप्ताहिकांत १८५० मध्यें छापलेल्या ‘लिझी ली’ या कथेबद्दल वीस पौंड आले, ते पतीनें शांतपणें आपल्या खिशांत घातले, असें बाईंनीं मैत्रिणीला काहींशा विनोदानें कळविलें आहे. यांत विल्यम गॅस्केल यांचा कांहीं जुलूम नव्हता. ते विद्वान् व सहृदय गृहस्थ होते. ‘मेरी बार्टन’ मधील लँकेशायरच्या बोलीसंबंधीं त्यांनीं दिलेलीं व्याख्यानें पुढें त्या पुस्तकाला जोडण्यांत आलीं. कायदाच असा होता कीं विवाहित स्त्रीची मिळकत पतीची समजली जाई. १८५६ मध्यें हा कायदा बदलावा म्हणून पार्लमेंटकडे जो अर्ज गेला, त्यावर बाईंनीं सही केली. मात्र कायद्यानें फारसा उपयोग होईल अशी त्यांची खात्री नव्हती. विवाहित स्त्रीची स्वतःची कमाई तिची ठरविणारा पहिला कायदा १८७० मध्यें झाला. तो पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

आई आणि लेखिका यांचा सर्वांत कठीण सामना ‘रूथ’ च्या वेळीं झाला. १८५३ मध्यें निघालेल्या या कादंबरीची नायिका ही फसविली गेलेली अविवाहित माता आहे, आणि मातृत्व हा तिचा कलंक नसून तिच्या उद्धाराचा मार्ग आहे, असें लेखिकेचें प्रतिपादन आहे. पतीच्याच चॅपेलमधील दोघा गृहस्थांनीं हें पुस्तक जाळलें. बाईंना दुःख झालें, पण पश्चात्ताप झाला नाहीं. तथापि हेंच पुस्तक त्यांच्या स्वतःच्या घरांत मुलींना वर्ज्य होतें. मेरिॲनबरोबर आपण तें केव्हां तरी निवांतपणें वाचूं, असें त्यांनीं योजिलें होतें. कोणी याला विसंगति म्हणेल. परंतु जगासमोर जें निर्भयपणें मांडलें, तें मुलीच्या हातीं देतांना शेजारीं आपण असावें, असें आईला वाटणें अस्वाभाविक नव्हतें.

१८५४ च्या ऑक्टोबरमध्यें ‘नॉर्थ अँड साउथ’ चे हप्ते डिकन्सच्या साप्ताहिकांतून प्रसिद्ध होत असतां, ती कादंबरी पुढें लिहिण्यासाठीं त्या डर्बीशायरमध्यें नाइटिंगेल कुटुंबाच्या घरीं जाऊन राहिल्या. घरच्या कामांपासून दूर असा एकांत त्यांच्या वांट्यास क्वचितच येई. त्याच महिन्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धांतील जखमींच्या शुश्रूषेस निघाली. तिच्याविषयीं बाईंना अपार आदर वाटे. परंतु, आपल्या हातीं असतें तर कोणत्याहि आईला आपलें मूल स्वतः वाढवूं दिलें नसतें, श्रीमंत काय नि गरीब काय, सर्वांसाठीं शिशुगृहें काढलीं असतीं, हें तिचें मत मात्र त्यांना खटकलें. सर्व मनुष्यजातीवर प्रेम करणाऱ्या त्या थोर स्त्रीला एकेका माणसाचा लळा नाहीं, असें त्यांना वाटलें. गॅस्केलबाईंचा पिंड नेमका उलट होता. माणसांचा लळा हाच त्यांच्या लेखनाचा झरा आणि लेखनांतील अडथळाहि होता.

लिहावयास बसतांना इतक्या सर्व नात्यांपासून मन अलग करून केवळ स्वतःचें होणें तुम्हांला सोपें जातें काय, असें शार्लट ब्रॉंटेनें त्यांना १८५३ मध्यें पत्रानें विचारलें होतें. शार्लटच्या मृत्यूनंतर बाईंनीं लिहिलेल्या तिच्या चरित्रांत, १८५७ मध्यें, या प्रश्नाचें जणूं उत्तरच आढळतें. पुरुष ग्रंथकार झाला तर त्याचा धंदा बदलतो एवढेंच. त्याची वकिली किंवा व्यापार दुसरा कोणी चालवितो. परंतु मुलगी, पत्नी वा माता या नात्यानें देवानें जिला जें काम नेमून दिलें, तें तिच्या जागीं दुसरी कोणी करूं शकत नाहीं. तरीहि मिळालेली प्रतिभा तिनें पुरून ठेवतां कामा नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. कर्तव्यें दोन, आणि सूट एकांतूनहि नाहीं.

१८६२ मध्यें एका तरुण मातेनें आपलें हस्तलिखित पाठवून सल्ला मागितला, तेव्हां त्यांनीं आधीं प्रकृति व घरकाम हलकें करण्याच्या युक्त्या सांगितल्या, आणि मग लिहिलें कीं मुलें लहान असतांना थांबावें. चाळिशींत लिहिलेली कादंबरी दसपट चांगली उतरेल, कारण पत्नी व माता म्हणून तोंवर जीवन अधिक अनुभविलेलें असेल. हा सल्ला स्वानुभवाचा होता. ‘मेरी बार्टन’ निघाली तेव्हां त्या अडतीस वर्षांच्या होत्या. परंतु चाळिशीपर्यंत थांबण्याइतकें आयुष्य प्रत्येकीला मिळतेंच असें नाहीं. अडतीस वर्षांच्याच वयांत, गर्भवती असतां, शार्लट ब्रॉंटे वारली होती; ती थांबली असती तर ‘जेन एअर’ लिहिली गेलीच नसती. आणि स्वतः बाई तरी कोठें स्वस्थ थांबल्या होत्या? ‘मेरी बार्टन’ लिहितांना ज्यूलिया तान्हीच होती.

अखेरच्या वर्षांत ‘वाइव्ज् अँड डॉटर्स’ ही त्यांची सर्वोत्कृष्ट कादंबरी ‘कॉर्नहिल’ मासिकांतून प्रसिद्ध होत होती. आईवेगळी वाढलेली मॉली गिब्सन ही तिची नायिका. लेखनाच्या उत्पन्नाच्या आधारावर व कांहीं कर्ज काढून बाईंनीं १८६५ मध्यें हँपशायरमधील होलिबर्न येथें सुमारें २,६०० पौंडांस एक घर विकत घेतलें. पतीला त्याची वार्ता नव्हती. त्याच्या विश्रांतीसाठीं व अविवाहित मुलींच्या पुढील निवाऱ्यासाठीं ही भेट व्हावयाची होती. ज्या कमाईवर कायद्यानें त्यांचा हक्क नव्हता, तिचा विनियोग त्यांनीं असा गुपचूप केला. १२ नोव्हेंबर १८६५ रोजीं त्याच घरांत, मुलींसमवेत चहा घेत बोलत असतां, बोलणें अर्धवट राहून त्यांचा अंत झाला. कादंबरीचा शेवटचा भाग लिहावयाचा राहिला. संपादकांनीं पुढील कथानकाची टीप जोडून ती छापली.

मीटा व ज्यूलिया या मुलींनीं प्लिमथ ग्रोव्हचें घर मरेपर्यंत सांभाळलें. २०१४ मध्यें तें दुरुस्त होऊन प्रेक्षकांस खुलें झालें. जेथें बसून त्या लिहीत, तें भोजनगृह तेथें पाहावयास मिळतें. मेरिॲनसाठीं लिहिलेली रोजनिशीहि पुढें छापली गेली. ती लिहितांना आईनें जें भय मनांत बाळगलें होतें, तें खरें ठरलें नाहीं. मुलीला आई एकतीस वर्षें लाभली. आणि तेवढ्याच अवधींत, मुलांच्या गलक्यांतून वेळ काढीत, तिनें आपली ग्रंथसंपदाहि निर्माण केली.