साखर पेठेतला जुना दाखला

सोलापूरची जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली. त्याच्या आगेमागे निजामाच्या मुलखातले पद्मशाली विणकर सोलापुरात येतच होते. आमचे आजोबाही करीमनगरकडून इथल्या साखर पेठेत आले. आज आम्ही विशेष मागास प्रवर्गात आहोत. पण जातीचा दाखला काढायचा, तर कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं. दुसऱ्याच्या मागावर राबणाऱ्याकडे कुठला सातबारा? भाड्याच्या खोलीची पावतीही कुणी देत नसे. आम्हाला तारलं वडिलांच्या शाळेच्या दाखल्यानं: घडीवर फाटलेला, निळ्या शाईत ‘पद्मशाली’ लिहिलेला. ज्यांच्या घरी कुणी शाळेतच गेलं नाही, त्यांनी काय दाखवायचं? शेजारच्या अक्का जन्मभर इथंच विड्या वळत आल्या. त्यांच्या नातवाचा अर्ज मात्र कागदावाचून अडलाय.