टेप, टीव्ही, टॅब आणि शाळेतल्या बाई

मागच्या बुधवारी आपण गावोगावच्या शाळांत मुलींचा पट कसा वाढत गेला ते ऐकलं. आज त्याच शाळांत आलेल्या यंत्रांबद्दल बोलू. ती कधी आली, कुणी आणली, आणि ती चालवायला शिक्षकांना कुणी शिकवलं? या विषयासाठी आम्ही गटातल्या सगळ्या जणींनी मिळून टिपणं काढली. आमच्यातल्या दोघी निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे माहितीबरोबर थोडा रागही टिपणांत उतरला आहे. तो आम्ही काढून टाकलेला नाही.

१ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्या कारभाराखाली आल्या. तेव्हा खडू, फळा, नकाशा आणि पृथ्वीचा गोल एवढंच शाळेचं साहित्य होतं. कुठे रेडिओ असलाच तर आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम मुलं ऐकत.

मोठा प्रयोग झाला तो १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर. अमेरिकेच्या उपग्रहाची मदत घेऊन ‘साइट’ नावाच्या प्रकल्पाने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोहोचवला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक ही ती राज्यं. महाराष्ट्र त्यात नव्हता. तरी हा प्रयोग इथे सांगायलाच हवा, कारण त्यात मुलांइतकाच शिक्षकांचा विचार झाला होता. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं यासाठी बारा दिवसांचं प्रशिक्षण आखलं. टीव्हीवरचा पाठ, रेडिओवरची चर्चा, हातात छापील पुस्तिका, आणि समोर बसून प्रयोग करून घेणारा माणूस, हे सगळं एकत्र होतं. यंत्र एकटं पाठवलं नव्हतं. पुढच्या काळात हेच विसरलं गेलं, असं आमचं मत आहे.

१९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना ते कार्यक्रम आठवत असतील. मराठी शाळांतल्या मुलांसाठी, मराठीत, गोष्टी, विज्ञान, गाणी, हस्तकला. अशा हजारो फिती तिथे तयार झाल्या. त्यानंतर केंद्राच्या योजनेतून शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेटचे टेप मिळू लागले.

टीव्ही शाळेत आला की त्याची पहिली नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होई. एकदा नोंद झाली की ती वस्तू मुख्याध्यापकांच्या नावावर. मोडली, चोरीला गेली, तर जाब त्यांनाच. मग कोण हात लावू देणार? आमच्या गटातल्या एक बाई सांगतात, त्यांच्या शाळेतला टेप कपाटात कुलपात असायचा आणि २६ जानेवारीला बाहेर यायचा. त्यावर पाठ लागले नाहीत, देशभक्तीची गाणी मात्र लागली. एखाद्या बाईंनी वर्गात टेप मागितला तर उत्तर ठरलेलं: ‘बाई, बिघडला तर भरून कोण देणार?’ आणि तो कसा वापरायचा, पाठाच्या आधी काय विचारायचं, नंतर काय करून घ्यायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतंच. त्यातून वीज. कार्यक्रम सकाळी, आणि भारनियमनही सकाळी.

शहरांतल्या काही निवडक शाळांत १९८४-८५ पासून केंद्राच्या ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेपर्यंत ती लाट आली नाही.

संगणक शिक्षकांच्या दारात आला तो २००१ नंतर, एमएस-सीआयटीच्या रूपाने. शासकीय नोकरीत हा कोर्स सक्तीचा झाला. पास झालं नाही तर वेतनवाढ अडकणार, म्हणून शिक्षक-शिक्षिका तालुक्याच्या खासगी केंद्रांत जाऊन बसू लागल्या. शाळा सुटल्यावर एसटीने तालुक्याला जायचं, तासभर माऊस धरायचा, शेवटच्या गाडीने परत यायचं आणि मग चूल पेटवायची. पुष्कळ बायकांनी हे केलं, आणि आम्हाला त्याचं फार कौतुक आहे. माऊसची भीती गेली, ईमेल पाठवता येऊ लागला. कोर्सचा हा फायदा खरा आहे. पण त्यात वर्ड होतं, एक्सेल होतं. चौथीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना संगणकाचं काय करायचं, ते नव्हतं. तो कारकुनी कामाचा कोर्स होता आणि शिक्षकांना तोच दिला गेला. मग पुढे त्यांच्याकडून ऑनलाइन माहिती भरण्याचंच काम जास्त करून घेतलं गेलं, यात नवल ते काय?

खरा बदल शाळांतूनच वर आला. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने टॅब आणि प्रोजेक्टरवर वर्ग चालवून दाखवला. राज्यभरातले शिक्षक तो बघायला गेले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड छापले जाऊ लागले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि डिजिटल शाळांची लाट आली. पैसा बराचसा लोकवर्गणीतून आला. ग्रामपंचायतींनी चौदाव्या वित्त आयोगातून दिला, माजी विद्यार्थ्यांनी दिला, कुठे बचत गटांनी दिला. याच काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुळला. एका शिक्षकाने दुसऱ्याला शिकवायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर अडचण विचारायची, आपला पाठ स्वतः चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा. हे प्रशिक्षण चाललं, कारण शिकवणाऱ्याला वर्ग माहीत होता. आमची एक तक्रार मात्र आहे. आमच्या भागातल्या कार्यशाळांत ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ बहुधा सर असायचे आणि बाईंकडे नावनोंदणीचं टेबल.

मग बिलं आली. गावाने प्रोजेक्टर दिला, पण दर महिन्याचं वीजबिल कोण भरणार हे ठरलं नव्हतं. कित्येक शाळांची वीज थकबाकीपोटी तोडली गेली. पडद्यावर धूळ बसली.

आणि २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. निधी थांबला होता, कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. त्यावर थोड्या बातम्या आल्या आणि विषय संपला. तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, तेव्हा मुलांच्या घरी पोहोचेल असा मराठी टीव्ही कार्यक्रम शोधायची वेळ आली. दीक्षा अ‍ॅप होतं, पण घरातला एकुलता मोबाइल बापाच्या खिशातून रानात जायचा. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’. सोलापुरात नीलमनगरला घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. लोकांनी धडपड केली, चांगलीच केली. पण पुण्यात स्टुडिओ, फिती आणि मुलांसाठी कार्यक्रम करायला शिकलेली माणसं होती, ती आपण आधीच घालवून बसलो होतो.

आता शिक्षकांची बरीच प्रशिक्षणं मोबाइलवर होतात. व्हिडिओ बघायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. बाई ते रात्री भाकऱ्या झाल्यावर बघतात.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. तुमच्यापैकी किती तरी जणी तिथे सही करून येता. येत्या सभेत डेडस्टॉक रजिस्टर मागा. टॅब किती, चालू किती, वीजबिल कुठवर भरलंय, आणि ते वापरायला बाईंना शेवटचं समोरासमोर प्रशिक्षण कधी मिळालं, हे विचारा. उत्तरं लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात ती वाचून दाखवू.