गियरची मूठ

मराठ्यांच्या हातांतील फिरंग तलवारीचें पातें युरोपांतून येई. मूठ मात्र इकडील कारागीर बसवीत. पातें परदेशचें चालेल, परंतु तळव्यास लागणारी मूठ आपल्या वळणाची हवी, हा त्यांतील न्याय होय. अमेरिकन मोटारधारकांनीं गियरच्या मुठीस नेमका हाच न्याय लाविला.

फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारी 1908 ते 1927 या काळांत दीड कोटीहून अधिक निघाल्या. परंतु त्यांचे गियर पायांनीं बदलावयाचे असल्यामुळें त्यांस गियरची मूठच नव्हती. 1927 च्या अखेरीस 'मॉडेल ए' आली, आणि तळांतून वर आलेला गियरचा दांडा सामान्य गृहस्थाच्या उजव्या हातीं पडला. चक्रांचे दांते सहज जुळविणारी 'सिंक्रोमेश'ची युक्ति कॅडिलॅकनें 1928 सालीं आणली. ती स्वस्त गाड्यांपर्यंत पोंचावयास कांहीं वर्षें लागलीं. तोंवर क्लच दोनदां दाबून, चक्रांची थरथर तळव्यानें ओळखून गियर घालावा लागे. हाताचा आणि त्या मुठीचा परिचय किती दाट होत असेल, हें सांगावयास नको.

कारखान्याची मूठ बहुधा काळी व साधी असे. पण ती आट्यांवर बसविलेली असल्यामुळें फिरवून काढतां येई. पेन्सिल्व्हेनियांतील पॉइंट मेरियन येथील हाउझ कंपनीनें अकीकाच्या खड्यांत दिसतात तशा रंगीत लहरींच्या कांचेच्या मुठी काढल्या. एकाच सांच्यांतून निघालेल्या लक्षावधि गाड्यांत 'ही माझी' म्हणावयास एवढी खूण पुरे होई.

हा बहर अल्पायुषी ठरला. 1938 मध्यें कॅडिलॅकनें दांडा स्टिअरिंगच्या खांबावर नेला व इतरांनीं तिचें अनुकरण केलें. 1940 च्या ओल्डस्मोबाइलमध्यें तर 'हायड्रामॅटिक' आपोआप गियर बदलूं लागली. तथापि मूठ मेली नाहीं. 1970 व 1971 सालीं ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या पोर्शच्या '917' मोटारींत वजन वांचविण्यासाठीं बाल्सा लांकडाची मूठ बसविली होती. पुढें 2003 च्या 'करेरा जीटी'स त्याच कंपनीनें पुनः लांकडी मूठ दिली. पूर्वीं ती गरज होती. आतां तें स्मरण होतें.

विजेच्या बहुतेक मोटारींत आज गियर बदलण्याचें कामच उरलेलें नाहीं. मूठ बदलणाऱ्यास आपण छांदिष्ट म्हणतों. परंतु ज्या यंत्राचें अंतरंग आपल्या ताब्यांत नाहीं, त्याच्या निदान एका भागावर आपल्या हाताची मुद्रा असावी, ही इच्छा पोरकट खास नव्हे.