तुळिंज : पूर आणि पर्यावरणीय विषमता

तुळिंज ही पालघर जिल्ह्यातील नालासोपारा रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडील दाट वस्ती असून ती 2009 मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. पर्यावरणीय वंशभेद, म्हणजे प्रदूषण व आपत्तीचा भार विशिष्ट वंशाच्या वस्त्यांवर पडेल अशी धोरणे आखणे, ही संकल्पना 1982 मध्ये अमेरिकेतील वॉरन परगण्यात कृष्णवर्णीय वस्तीजवळ विषारी माती पुरण्याविरुद्ध झालेल्या आंदोलनातून पुढे आली. तुळिंजमध्ये वंशाची जागा उत्पन्न, स्थलांतर आणि घराची कायदेशीर स्थिती यांनी घेतली आहे, आणि या भेदाची तीव्रता कमी लेखण्याचे कारण नाही.

तुंगारेश्वराच्या डोंगररांगेकडून येणारे पावसाचे पाणी पश्चिमेस खाडीकडे उतरते; परंतु वाटेत रेल्वेचा भराव आडवा असल्यामुळे त्याला मोजक्या मोऱ्यांतूनच वाट काढावी लागते, आणि समुद्राला भरती असेल तर तीही तुंबते. पूर्वी हे पाणी ज्या भातखाचरांत व खाजणांत, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनींत, पसरत असे, त्यांपैकी बऱ्याच जमिनींवर भराव टाकून चाळी व इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे तेथे आली, कारण स्वस्त जागा सखल भागातच मिळत होती. जुलै 2018 मधील अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकलसेवा खंडित झाली, तर वसईतील मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली.

बेकायदा ठरलेल्या वस्तीत गटारे व नाले यांची मागणी दुबळी राहते, हा येथील प्रश्नाचा गाभा होय. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2024 च्या अखेरीपासून पाडण्यात आल्या; घरे विकणाऱ्यांनी केलेल्या फसवणुकीची झळ अशा वेळी सर्वप्रथम विकत घेणाऱ्यांना बसते.

वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात हीच विषमता आदिवासी समाजाच्या वाट्याला येते. तेथे तानसा नदीवरील पांढरतारा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावपाड्यांची शाळा, दवाखाना व बाजार यांच्याशी असलेली वाट बंद होते, तर त्याच नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या धरणाचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईला पुरवले जात आहे.