पदवीसाठी कर्ज : हप्ता पेलणार का?

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत प्रवेशाबरोबरच पैशांची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी कर्ज काढणे आता नवे राहिलेले नाही. मात्र कला, वाणिज्य व विज्ञान शाखेच्या सर्वसाधारण पदवीसाठीही काही पालकांना बँकेची पायरी चढावी लागते. अनुदानित महाविद्यालयात बी.ए. वा बी.कॉम.चे शुल्क वर्षाकाठी काही हजारांत भागते. विनाअनुदानित तुकड्यांत ते कितीतरी वाढते, तर खासगी विद्यापीठांत लाखाच्या घरात जाते. शहरातील वसतिगृह आणि भोजनाचा खर्च वेगळाच. सर्वसाधारण पदवी कोणत्याही एका नोकरीची हमी देत नाही. म्हणूनच कर्ज किती मिळेल यापेक्षा ते फिटेल कसे, याचा विचार आधी व्हायला हवा.

कर्जाचे स्वरूप

भारतीय बँक संघाने २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. तिच्यात पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या. ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी पदरची रक्कम घालावी लागत नाही. अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष हप्त्यांतून सूट असते आणि परतफेडीची मुदत जास्तीत जास्त १५ वर्षांची असते. पालक सहकर्जदार असतात. त्यामुळे हप्ते थकल्यास विद्यार्थ्याबरोबर त्यांचीही पत खालावते.

हप्त्यांतून सूट असली तरी व्याजातून सूट नसते. या काळात सरळव्याज आकारले जाते आणि ते नंतर मुद्दलात मिळविले जाते.

आकडे काय सांगतात?

उदाहरणादाखल, तीन वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ३ लाखांचे कर्ज द.सा.द.शे. १० टक्के दराने घेतले, असे समजू. परतफेड सुरू होईपर्यंत त्यावर ९० हजार रुपये व्याज चढते आणि देणे ३ लाख ९० हजारांवर जाते. सात वर्षांत फेडायचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ६,४७५ रुपये बसतो व एकूण भरणा ५ लाख ४४ हजारांच्या आसपास होतो. मुदत दहा वर्षांची केल्यास हप्ता सुमारे ५,१५५ रुपयांवर येतो. पण भरणा ६ लाख १८ हजारांपर्यंत वाढतो. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास सात वर्षांच्या मुदतीत सुमारे ३५ हजार रुपये वाचतात.

पगार नव्हे, पगारातील वाढ

पहिला पगार १८ हजार धरला, तर ६,४७५ रुपयांचा हप्ता त्यातील ३६ टक्के रक्कम घेऊन जातो. परंतु खरी तुलना याहून वेगळी आहे. बारावीनंतर लगेच काम धरले असते तर १४ हजार मिळाले असते, असे मानल्यास पदवीमुळे वाढलेली कमाई दरमहा केवळ ४ हजारांची ठरते. हप्ता तिच्याहून मोठा आहे. शिवाय तीन वर्षांत हातची गेलेली ५ लाख ४ हजारांची मजुरी हिशेबात धरावी लागते ती निराळीच. पदवीधराचा पगार पुढे अधिक वेगाने वाढू शकतो, हे खरे. मात्र हप्ते सुरू होतात ते कमाईच्या पहिल्या, सर्वांत तंगीच्या वर्षांत.

म्हणून हिशेब उलट बाजूने करावा. पगाराचा पाचवा भाग हप्त्यासाठी काढता येईल असे मानले, तर १८ हजारांतून ३,६०० रुपये निघतात. त्यात वरील दराने व सात वर्षांच्या मुदतीत सुमारे १ लाख ६५ हजारांचेच मूळ कर्ज पेलते.

सवलतींची मर्यादा

प्राप्तिकर कायद्यातील शैक्षणिक कर्जाची वजावट केवळ व्याजावर, तीही आठ वर्षांपर्यंत आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. ज्याचा पगारच करपात्र नाही, त्याला तिचा उपयोग नाही. केंद्राची २००९ पासूनची व्याज अनुदान योजना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेचा लाभ निवडक दर्जेदार संस्थांपुरता आहे. प्रवेशापूर्वी संस्थेचे नाव त्या यादीत तपासावे.

कर्जाआधीचे पर्याय

राज्यसेवा वा बँक अधिकारी परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. ती किती शुल्क भरून मिळविली, हे तेथे कोणी विचारत नाही. अशा परीक्षांचे ध्येय असणाऱ्यांनी अनुदानित महाविद्यालयाला पहिली पसंती द्यावी. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेली ‘कमवा आणि शिका’ योजना अनेक महाविद्यालयांत आजही चालते.

महागड्या संस्थेची निवड करायचीच असेल, तर त्याच शाखेतील मागील तुकडीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाती किती पगार मिळाला, याची चौकशी करावी. माहितीपत्रकातील सर्वाधिक पगाराचा आकडा एखाद्याच विद्यार्थ्याचा असू शकतो. शिक्षणाचे मोल केवळ पगारात मोजता येत नाही, हे निर्विवाद; हप्ता मात्र दरमहा पगारातूनच भरायचा असतो.