वर्तणुकीचा कागद

मुलाला सरकारी नोकरीचा हुकूम आला, की मागोमाग पोलीस ठाण्याकडून चौकशी होते, ‘पोरगा कसा आहे हो?’ हे आपल्या गावोगावी ठाऊकच आहे. चौकशीबद्दल तक्रार नाही. तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे सरकारने पाहावेच. पण कागदावर वाईट शेरा पडला, तर तो त्या मुलाला कळतो का? त्यावर त्याला बोलू देतात का?

सोलापूरला हा प्रश्न जुना आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली झाला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. भोवती काटेरी तारा, रोजची हजेरी, बाहेरगावी जायचे तर पास. आतली माणसे गिरणीत इमानाने राबत. तरी शिक्का पुसत नसे, कारण तो कृत्यावर नव्हे, जन्मावर मारलेला होता. आणि अमुक जमात गुन्हेगार, असे सरकारने एकदा जाहीर केले, की त्याविरुद्ध कोर्टात दाद नाही! माझ्या मते कायद्यातले सर्वांत क्रूर कलम हेच. तारांपेक्षाही क्रूर. अखेर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला.

त्याआधीच राज्यघटना आली होती. तिच्या ३११ व्या कलमाने सरकारी नोकराला बडतर्फीपूर्वी आरोप कळवून त्याचे म्हणणे ऐकण्याची हमी दिली. राज्याच्या सुरक्षिततेसाठी मात्र अपवाद ठेवला. नवख्या नोकराला तर कारण न सांगताच घरी पाठवीत.

मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाचे असेच झाले. नगरपालिकेची शाळा सरकारने घेतली, मास्तरही सरकारी झाले. मग पोलिसांनी कळवले, की ते पूर्वी संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेत. १९७४ साली नोकरी गेली; हुकुमात कारणाचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली मास्तरांच्या बाजूने निकाल दिला. पूर्वीच्या राजकीय मतांवरून, पोलिसांच्या गुप्त अहवालाच्या आधारे नोकरी काढून घेणे घटनेला धरून नाही, असे न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी ठरवले.

२०१६ साली त्याच न्यायालयाने आणखी खुलासा केला. उमेदवाराने अर्जात खरी माहिती द्यायलाच हवी. पण कोवळ्या वयात घोषणा दिल्याबद्दल झालेल्या शिक्षेसारखी क्षुल्लक गोष्ट कोणी लपवली, तर वरिष्ठांना ती माफ करता येते. खरे सांगितले तरी पूर्ववृत्त पाहण्याचा त्यांचा अधिकार राहतोच. मास्तरांनो, मुलांकडून अर्ज भरून घेताना तो रकाना त्यांना नीट वाचून दाखवा.